गाईडमधला शेतकरी आणि शेतकऱ्याचे लेकरू

दहावी-बारावीच्या मराठी निबंधात जे विषय वर्षानुवर्षे फिरून फिरून येतात, त्यांत ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हा एक हमखास विषय आहे. यवतमाळ, वाशीम किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या परीक्षा केंद्रावर हा निबंध लिहिणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला गेलेली असते. किलोमागे वेचणीचा काय दर चालू आहे, ओलीचे निमित्त करून व्यापारी कापूस कसा पाडून मागतो, सोयाबीन सोंगायला आले आणि नेमका पाऊस लागला म्हणजे घरातले बोलणे कसे आटत जाते, हे तिला पाठ करावे लागत नाही. तरीही तिच्या उत्तरपत्रिकेतला शेतकरी ‘मी जगाचा पोशिंदा, काळ्या आईचा लेक’ अशी सुरुवात करतो, दुसऱ्या परिच्छेदात निसर्गाच्या लहरीपणावर येतो, तिसऱ्यात सरकारपुढे हात जोडतो आणि ‘जय जवान, जय किसान’ म्हणून थांबतो. तिने हा शेतकरी गाईडमधून घेतलेला असतो. त्याच्याकडे कोरडवाहू किती आणि ओलिताची किती, त्याचा धुऱ्यावरून कोणाशी वाद आहे, त्याच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, यांतले काहीही त्या निबंधात येत नाही. हा निबंध लिहिणाऱ्या मुलीचे वडील शेतकरी आहेत, हे तपासनिसाला शेवटपर्यंत कळत नाही.

त्या मुलीला आळशी म्हणता येणार नाही. तिला शाळेत आल्यापासून जे शिकवले गेले, त्याचा हा अगदी सरळ परिणाम आहे. लिहिणे म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले, मान्यताप्राप्त वाक्य ऐन वेळी आठवणे, असा तिचा समज झालेला आहे आणि आजवरच्या प्रत्येक परीक्षेने तो पक्का केलेला आहे. आपल्या घरचे, शेतातले, गल्लीतले काही मराठीच्या पेपरात लिहिण्याजोगे असते, अशी शंकाही तिला आलेली नसते. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की बारावीच्या वर्गात साहित्य शिकवणे आणि लिहायला शिकवणे ही दोन निरनिराळी कामे मानण्याची आपली सवय मोडली पाहिजे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लेखनावाचून साहित्याचे अध्यापन पुरे होत नाही, आणि ग्रामीण विदर्भात त्याची निकड इतर कुठल्याही भागाहून कमी नाही.

या प्रश्नाची चर्चा बहुधा मराठीच्या अभिमानापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. केंद्र सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, त्याचा आनंद गावोगावच्या शाळांनी साजरा केला आणि ते योग्यच झाले. परंतु मराठी अनिवार्य करणारा राज्याचा 2020 चा कायदा पहिली ते दहावीपुरताच आहे. अकरावीत विज्ञान शाखा घेतलेला विद्यार्थी मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेऊ शकतो, आणि त्यात गुण अधिक पडतात म्हणून पुष्कळ विद्यार्थी तो घेतातही. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे नीट, जेईई आणि सीईटीची तयारी करणारा मोठा वर्ग नावाने खेड्यातल्या महाविद्यालयात आणि प्रत्यक्षात अकोला, नागपूर किंवा लातूरच्या शिकवणीत असतो. मराठीच्या वर्गात मग मुख्यतः कला शाखेची मुले उरतात, ज्यांना दहावीच्या निकालापासूनच ‘तू कलेलाच जा’ असे सांगितलेले असते. या मुलांच्या मनात हा विषय निवडीचा नसतो, उरलेला असतो. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी, जेव्हा माणूस घरापासून थोडा दूर उभा राहून घराकडे पाहू लागतो, नेमक्या त्या वयात निम्म्या मुलांचा साहित्याशी संबंध तुटतो आणि उरलेल्या निम्म्यांना तो संबंध कमीपणाच्या खुणेसारखा वाटतो.

आता वर्गात काय होते ते पाहू. कवितेच्या रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन अंगे सांगितलेली आहेत. मुळात ही मांडणी वाईट नाही; कवितेकडे कुठून पाहायचे याची ती सूचना आहे. पण परीक्षेच्या रेट्याखाली तिचे साचे झाले आहेत. ‘कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत आपला आशय प्रभावीपणे मांडला आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेला लागू पडते, म्हणून ते कोणत्याही कवितेबद्दल काहीच सांगत नाही, आणि तरीही त्याला गुण मिळतात. ओळीचा शेवट तिथेच का केला, हा शब्द का आणि त्याच्या शेजारचा का नाही, हा प्रश्न मुलांना पडावा यासाठी त्यांनी स्वतः कधीतरी चार ओळी लिहून त्यांतला एक शब्द तीनदा खोडलेला असला पाहिजे. ज्याने कधीच काही खोडलेले नाही, त्याला कवीने केलेली निवड दिसणार कशी?

कथेच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. बारावीला 2020 पासून शिकवल्या जाणाऱ्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात साहित्यप्रकार म्हणून कथा आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, निवेदन हे घटक विद्यार्थी व्यवस्थित पाठ करतात. ‘निवेदक म्हणजे काय’ याचे उत्तर त्यांना येते. पण निवेदक बदलला की कथाच बदलते, हे पाठ करून कळत नाही. मी वर्गाला एकच प्रसंग देते: आठवडी बाजारात बैलजोडी विकली गेली. तो प्रसंग एकदा विकणाऱ्याने सांगायचा, एकदा विकत घेणाऱ्याने, आणि एकदा त्या घरातल्या बाईने, जी बाजारात गेलेलीच नाही. पहिल्या दोन लेखनांत मुले किंमत, दलाल, बैलांचे दात आणि चाल याविषयी लिहितात, कारण तो व्यवहार त्यांनी पाहिलेला असतो. तिसऱ्याशी आले की वर्ग थबकतो. ती बाई बाजारातले काही सांगू शकत नाही. ती रिकाम्या गोठ्यातले सांगेल, संध्याकाळी दावणीला टाकायचा कुटार उरला त्याचे सांगेल, नवरा किती वाजता आणि कसा घरी आला ते सांगेल. कोणाला काय दिसते आणि काय दिसत नाही यावर कथा उभी राहते, हे त्या तासाला विद्यार्थ्याच्या हाताला कळते. त्यानंतर पुस्तकातली कथा वाचताना ‘हे कोण सांगते आहे?’ हा प्रश्न वर्गातून येतो आणि शिक्षकाला तो विचारावा लागत नाही.

त्याच पुस्तकात प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ ही कथा आहे आणि तिच्यातले संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. अमरावती-अकोल्याकडच्या वर्गात ती मोठ्याने वाचली की मुलांचे चेहरे खुलतात, कारण आजी बोलते तसे कोणीतरी छापील पानावर बोलत असते. मला खटकते ते त्यापुढचे. कथा वऱ्हाडीत वाचायची, तिच्यातली बोली किती ‘जिवंत’ आहे यावर प्रमाण मराठीत उत्तर लिहायचे, आणि स्वतःच्या वहीत मात्र ‘तो काम करून राहिला होता’ असे एक वाक्य लिहिले तरी त्याखाली लाल रेघ ओढली जायची. आपण मुलांना असे शिकवतो की बोली ही लेखकाला शोभते, तुला शोभत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने 1960 सालीच दाखवून दिले होते की वऱ्हाडी बोलणाऱ्या एका गरीब बाईचे सगळे आयुष्य मराठी कादंबरी पेलू शकते. त्या पुस्तकाचा प्रदेश ज्यांचा स्वतःचा आहे, त्या मुलांना साठ वर्षांनंतरही आपली भाषा वहीत आणायला परवानगी लागावी, हे मला मान्य नाही.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. बोलीत लिहू द्या म्हणणे म्हणजे प्रमाणभाषा शिकवू नका म्हणणे नव्हे. ग्रामीण विद्यार्थ्याला अर्ज, अहवाल, मुलाखत, न्यायालयातले कागद, वृत्तपत्रातला लेख यांची मराठी सफाईने आलीच पाहिजे. ती न देणे हा त्याच्यावरचा अन्याय ठरेल आणि बोलीच्या कौतुकाने त्याची भरपाई होणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पहिला खर्डा ज्या भाषेत मनात येतो त्या भाषेत लिहू द्यावा आणि मग कोणती वाक्ये तशीच ठेवायची, कोणती प्रमाणभाषेत आणायची, निवेदन कशात आणि संवाद कशात, याचा निर्णय विद्यार्थ्याने कारणे देऊन करावा. असा निर्णय घेताना तो प्रमाणभाषेचे व्याकरण जितके बारकाईने पाहतो, तितके ते केवळ शुद्धलेखनाच्या नियमांच्या पाठांतरातून पाहत नाही. शिवाय ‘विदर्भाची बोली’ अशी एकच गोष्ट नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी आहे. मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू असते, भामरागडच्या मुलीची माडिया, यवतमाळच्या काही पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी. या मुलांसाठी वऱ्हाडीसुद्धा परकीच आहे आणि मराठी ही शाळेत भेटलेली दुसरी भाषा आहे. त्यांच्या वहीत मराठी वाक्यात एखादा गोंडी किंवा कोरकू शब्द राहिला, तर त्याला चूक म्हणण्याआधी तो तिथे का लागला हे विचारावे. मराठीत त्या वस्तूला, त्या नात्याला किंवा त्या झाडाला शब्द नसण्याची शक्यता पुष्कळ असते.

लिहायचे कशाविषयी, हा प्रश्न शहरातल्या लेखनशाळांमध्ये फार गंभीरपणे चर्चिला जातो. आमच्याकडे विषयांचा तुटवडा नाही. ते विषय आहेत असे वाटण्याचा तुटवडा आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पिकात शिरू नयेत म्हणून रात्री शेतावर जागलीला जाणारा मुलगा माळ्यावर बसून काय ऐकतो, हे त्याने कधी लिहिलेले नसते. उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपल्यावर, पऱ्हाटी उपटलेल्या रानात गुरे सोडतात तेव्हाचे शेत, संत्र्याच्या बागेचा मृग बहार फुटलाच नाही त्या वर्षीचे घर, मोहफुले वेचायला पहाटे अंधारात निघालेल्या बायांची रांग, आणि दुपारी तेंदूपत्त्याचे पुडे मोजून देताना फळीवर (संकलन केंद्रावर) होणारी हुज्जत, हे सगळे त्यांच्याजवळ आहे. पूर्व विदर्भातल्या मुलांजवळ आणखी एक ठेवा आहे. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडई नावाच्या जत्रांपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम चालतो, वडसा हे त्याचे केंद्र, आणि रात्रभर चालणारी ही नाटके हजारो लोक तिकीट काढून पाहतात. या प्रेक्षकांत बसलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश कुठे तुटला, विनोद कुठे फसला, गाणे कुठे नको होते, हे बिनचूक सांगता येते. नाट्यलेखन शिकवायला याहून चांगली पूर्वतयारी कोणती? तरीही सकाळी वर्गात बसल्यावर तो मुलगा नाटकाचे घटक फळ्यावरून उतरवून घेतो, आणि आदल्या रात्रीचा विषय कोणी काढत नाही.

मराठी गद्याच्या आरंभीच्या मोठ्या ग्रंथाची गोष्ट या संदर्भात मला फार मोलाची वाटते, आणि ती आमच्याच अमरावती जिल्ह्यातली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे लीळाचरित्र रचले, ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून आणि त्यांच्या आठवणी गोळा करून. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. बारावीच्या मुलाला लीळाचरित्राविषयी चार ओळींची टीप पाठ करायला देण्याऐवजी त्याने म्हाइंभटांचीच पद्धत वापरून पाहावी: गावातल्या एखाद्या घटनेविषयी, मग तो पूर असो, जुने भांडण असो किंवा पहिल्यांदा आलेली वीज असो, दोन वेगवेगळ्या माणसांना विचारावे, दोघांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत टिपावे आणि जिथे दोघांचे जुळत नाही ती जागा लपवू नये. उपयोजित मराठीत मुलाखत, अहवाल आणि वृत्तलेख हे घटक आधीच आहेत. ते गावाच्या मातीत नेले तर साहित्य, इतिहास आणि उपयोजन यांची सांगड आपोआप बसते. असे काम मुले मनापासून करतात, कारण त्यांच्या आजोबांना याआधी कोणी वहीपेन्सिल घेऊन काही विचारलेले नसते.

या सगळ्यात एक जागा अतिशय नाजूक आहे आणि तिच्याविषयी सविस्तर बोलले पाहिजे. विदर्भातल्या मुलांना ‘तुमचे लिहा’ म्हटले की त्यांच्याकडून दुःखाची अपेक्षा केली जाते. बाहेरच्या जगाला विदर्भ शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत आहे. 2019 च्या यवतमाळच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने केले, आणि त्या वेळी या प्रदेशाच्या वेदनेला व्यासपीठावर जी जागा मिळाली ती मिळायलाच हवी होती. पण वर्गातला शिक्षक दुःखाला अधिक गुण देऊ लागला, तर मुले ते ताबडतोब ओळखतात. मग ज्याच्या घरी असे काही घडलेले नाही तोही फास आणि कर्ज लिहितो, आणि ज्याच्या घरी घडले आहे त्याला आपले दुःख स्पर्धेत मांडल्यासारखे वाटते. गाईडमधला पोशिंदा जाऊन त्याच्या जागी गाईडमधला आत्महत्याग्रस्त आला, तर काहीच साधले नाही. म्हणून लेखनाचे विषय दुःखापाशी नेऊन सोडू नयेत. सायकल शिकणे, परसातली भाजी, वडिलांची एखादी लकब, बसस्थानकावरचा अर्धा तास, पाहुण्यांसमोर आईचे बदललेले बोलणे हे विषय द्यावेत. ज्याला जे लिहायचे आहे ते त्यातूनही येते, आणि ज्याला झाकून ठेवायचे आहे त्याला झाकता येते.

तरीही एखाद्या वहीत असे काही येतेच, जे वाचून शिक्षकाने भाषेचा विचार बाजूला ठेवला पाहिजे. लेखन वर्गात वाचायचे की नाही हा निर्णय विद्यार्थ्याचाच असावा, आणि ‘फक्त मॅडमसाठी’ असे पानावर लिहिण्याची मुभा पहिल्या दिवसापासून द्यावी. मात्र ही मुभा देताना गुप्ततेचे खोटे वचन देऊ नये. एखाद्या मुलीने लैंगिक अत्याचाराचे लिहिले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे शिक्षकावर बंधनकारक आहे, आणि हे मुलांना आधी सांगितलेले असले पाहिजे. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याविषयी लिहिले, तर त्या दिवशी शाळा सुटण्याआधी त्याच्याशी बोलले पाहिजे आणि त्याच्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला व समुपदेशकाला जोडून घेतले पाहिजे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. एका मुलाने दारू पिणाऱ्या बापाविषयी लिहिलेले संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचू शकते आणि त्याची किंमत त्या घरातली बाई मोजते. हे धोके सांभाळता येत नसतील, तर त्या शिक्षकाने कल्पित पात्रांवरच लिहून घ्यावे. त्यात काही कमीपणा नाही.

सर्जनशील लेखन शिकवता येत नाही, ती उपजत देणगी असते, हा आक्षेप मला प्राध्यापकांकडूनच अधिक ऐकू येतो. देणगीचे महत्त्व कोण नाकारेल? पण भजनी मंडळात पेटी वाजवायला शिकलेला प्रत्येकजण गवई व्हावा अशी कोणाची अपेक्षा नसते, आणि तरीही तो गाणे वेगळ्या कानांनी ऐकू लागतो. लेखनाचे शिक्षण मला तेवढ्यासाठीच हवे आहे. पालकांचा आक्षेप वेगळा असतो: याने नोकरी लागते का? पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या पुस्तकांत बुडालेल्या मुलांच्या घरातून आलेला हा प्रश्न मी हलका मानत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे आणि स्वतःचे म्हणणे स्वतःच्या वाक्यांत मांडता येणे आता त्या वाटेवरही लागणार आहे, हे पालकांना सांगावे. पण नोकरी लागो वा न लागो, तहसीलमध्ये, बँकेत, पीकविम्याच्या तक्रारीत, ग्रामसभेच्या ठरावात आपले काय झाले ते क्रमाने आणि नेमके मांडता न येणाऱ्या माणसाचे नुकसान रोज होत असते, आणि हे नुकसान पालकांनी स्वतः सोसलेले असते. तेवढे बोलल्यावर बहुतेकांचा विरोध मावळतो.

खरी अडचण परीक्षेची आहे. बारावीच्या मराठीला 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी विभागणी आहे. अंतर्गत गुण बहुतेक ठिकाणी उपचार म्हणून भरले जातात. या 20 गुणांच्या चौकटीत जे तोंडी आणि प्रकल्पाचे काम करून घ्यायचे असते, ते विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या लेखनवहीवर बेतता येईल. वहीत पहिला खर्डा, सोबत्याची सूचना, सुधारलेला खर्डा आणि ‘मी हे का बदलले’ अशा दोन ओळी असाव्यात. तोंडी परीक्षेत त्याच बदलांविषयी विचारावे. ज्याने स्वतः लिहिले आहे तो सांगतो, ज्याने उतरवले आहे त्याला सांगता येत नाही. मोबाईलवर काही सेकंदांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून मिळण्याच्या या दिवसांत खोडाखोडीला गुण देणे हाच एक उपाय मला दिसतो. त्यातला बराच भाग वर्गात, हाताने, तासाच्या आत लिहून घेतला पाहिजे.

लेखी परीक्षेतही बदल शक्य आहे आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) अकरावी-बारावीच्या हिंदीसाठी असलेल्या ‘अभिव्यक्ति और माध्यम’ या पुस्तकात कविता कशी घडते, नाटक कसे लिहावे, कथा कशी लिहावी यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि नव्या, अनपेक्षित विषयांवरच्या लेखनाचेही एक प्रकरण आहे. त्या मंडळाच्या बारावीच्या हिंदीच्या प्रश्नपत्रिकेत अशा अनपेक्षित विषयावर लिहिण्याचा प्रश्न असतो. विषय अनपेक्षित असला की तयार निबंधाचा उपयोग उरत नाही. आपल्या मंडळाने मराठीच्या निबंधात एवढा एक बदल केला, तरी गाईडचा निम्मा धंदा बसेल आणि वर्गातल्या तासांना अर्थ येईल. मात्र त्यासोबत तपासनिसांना स्पष्ट सूचना हवी की साचेबद्ध, निर्दोष निबंधापेक्षा स्वतः पाहिलेले एक ठोस निरीक्षण असलेल्या, थोड्या अडखळत्या निबंधाला अधिक गुण द्यावेत. अशी सूचना नसेल तर तपासनीस सवयीने सुबकपणालाच गुण देतील आणि वर्षभरात नव्या विषयांचीही तयार उत्तरे बाजारात येतील.

एका तुकडीत ऐंशी मुले, अनुदान नाही, तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक दोन महाविद्यालयांत धावतो आहे, त्याने वह्या तपासायच्या कधी, हा प्रश्न रास्त आहे. सगळे लेखन शिक्षकाने तपासलेच पाहिजे ही समजूत सोडली, तर भार बराच हलका होतो. पानभर लेखन, जोडीतल्या सोबत्याचे वाचन, आणि शिक्षकाने महिन्याला प्रत्येकाचे एकच पान वाचून त्यावर एकच सूचना करणे, एवढ्यानेही फरक पडतो. शुद्धलेखनाच्या वीस खुणांपेक्षा ‘इथे आई काय म्हणाली ते तू लिहिलेच नाहीस’ ही एक ओळ विद्यार्थ्याला पुढच्या पानावर नेते. शिक्षकांच्या नेमणुकांचा प्रश्न मात्र वर्गात सुटणारा नाही. रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत तर वर लिहिलेले सगळे दोन-चार हौशी शिक्षकांपुरतेच राहील, आणि त्याची जबाबदारी शासनावर आहे.

आणखी एक गोष्ट आमच्याच हातात आहे. बहुतेक महाविद्यालयांचा वार्षिकांक निघतो. त्यात संस्थाचालकांची छायाचित्रे, सुविचार, कुठून तरी उतरवलेले विनोद आणि आंतरजालावरून घेतलेल्या कविता विद्यार्थ्यांच्या नावाने छापल्या जातात, आणि अंक कपाटात जातो. त्या अंकाचे संपादन बारावीच्या मुलांकडे द्यावे; कोणते लेखन घ्यायचे, कोणते परत पाठवायचे आणि का, हे त्यांनी ठरवावे; उसने काहीही छापू नये, मग अंक सोळा पानांचा झाला तरी चालेल. छपाईला पैसे नसतील तर हस्तलिखित काढावे, ती परंपरा आपल्या शाळांत होतीच. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि ज्या माणसांना विचारून मुलांनी लिहिले, त्यांना ते पान छापण्याआधी वाचून दाखवावे. ‘असं नव्हतं झालं बापा, आधी विहीर खचली, मंग पूर आला’ असे त्यांनी म्हटले, तर मुलाने ते पान पुन्हा लिहावे.